बॉक्स उलटा करून बघा: वस्तू कुठल्या देशात बनली यावर खरेदी ठरवावी का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय, वायरिंग नव्याने करायचं आहे; पंखे, दिवे, मिक्सर, गीझर सगळं एकदमच घ्यायचं आहे. वडिलांचं म्हणणं, चायनाची एकही वस्तू घरात यायला नको. नवऱ्याचं म्हणणं, देश काय बघायचा, किंमत बघ आणि लोकांनी दिलेले स्टार बघ. "तुम्ही याच धंद्यातले, तुम्हीच सांगा, बॉक्सवर देश बघायचा की नाही?"

ताई, बघायचा. जरूर बघायचा. पण तो कशासाठी लिहिलेला असतो आणि कुठल्या वस्तूला किती लागू पडतो, हे कळलं तरच त्या बघण्याचा उपयोग.

मी पुण्यात तपकीर गल्लीत ३१ वर्षं इलेक्ट्रिक मालाचं दुकान चालवतो. काउंटरच्या मागे दुरुस्तीचं टेबल आहे. विकलेला माल बिघडला की फिरून त्याच टेबलावर येतो. त्यामुळे कुठला माल किती टिकतो आणि बिघडल्यावर त्याला कोण वाली असतो, हे मी रोज बघतो. माझं मत त्या टेबलावर बनलंय. वस्तूतलं किती काम खरोखर त्या देशात झालंय ते आधी बघा, आणि बिघडली तर उत्तर द्यायला कोण आहे ते बघा. या दोन्ही गोष्टी इथल्या मालात मिळत असतील तर चार पैसे जास्त देऊन इथलाच माल घ्या. मी माझ्या घरी तेच करतो.

आता एक बल्ब उघडून दाखवतो. मध्यंतरी एक आजोबा नऊ वॅटचा एलईडी बल्ब घ्यायला आले. बॉक्सवर तिरंगी पट्टी होती, तरी त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की आपलाच ना?" त्याच मॉडेलचा एक बंद पडलेला बल्ब टेबलावर होता. पातळ स्क्रू ड्रायव्हरने त्याची वरची पांढरी टोपी उचकटली. आत ॲल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर पिवळे ठिपके. ते ठिपके म्हणजे चिप. एका चिपवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग होता. चिप माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जळली की सगळा बल्ब बंद. चकतीच्या खाली ड्रायव्हर, म्हणजे बोटाच्या पेराएवढं सर्किट. बाहेर प्लास्टिकचं अंग आणि खाली पिनची टोपी.

आजोबांना सांगितलं: अंग इथलं, टोपी इथली, सोल्डरिंग इथल्या मुलींनी केलेलं, चाचणी इथली. चकती कधी इथली, कधी बाहेरची. पिवळे ठिपके मात्र जवळजवळ नेहमीच बाहेरचे, चीन, तैवान, कोरिया इकडून आलेले. ड्रायव्हरमधला आयसी, म्हणजे सर्किट सांभाळणारा छोटा काळा तुकडा, तोही बाहेरचाच. तरीही 'मेड इन इंडिया' हे खोटं नाही, कारण बल्ब म्हणून तो इथेच उभा राहिला. आजोबा बराच वेळ त्या काळ्या डागाकडे बघत होते. शेवटी त्यांनी तोच बल्ब घेतला. मीही तोच दिला असता, कारण त्या कंपनीचा माणूस महिन्यातून दोनदा गल्लीत येतो आणि गेलेले बल्ब मोजून बदलून देतो.

हे चित्र बदलावं म्हणून सरकारने २०२१ साली एसी आणि एलईडीच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. योजना सुट्या भागांसाठी आहे, हे लक्षात घ्या. जोडणी आपल्याकडे होतेच, अडतं ते भागांवर. एसीचंही तसंच. ऑक्टोबर २०२० पासून गॅस भरलेले एसी आयात करायला बंदी आहे, म्हणून जोडणी इथे आली. पण एसीचं काळीज असलेला कॉम्प्रेसर अजून मोठ्या प्रमाणावर बाहेरूनच येतो.

बॉक्सवर लिहिलेला देश हा बहुतेक वेळा वस्तूवर शेवटचं मोठं काम कुठे झालं त्याचा पत्ता असतो. केंद्र सरकारच्या संस्थांना माल पुरवताना आम्हाला वेगळं प्रमाणपत्र द्यावं लागतं: या मालात देशी वाटा किती टक्के? २०१७चा खरेदी आदेश आणि त्यातली २०२०ची सुधारणा यांप्रमाणे ५० टक्के किंवा जास्त देशी वाटा असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातला, २० ते ५० टक्के असेल तर दुसऱ्या वर्गातला. सरकार स्वतःसाठी घेताना टक्के विचारतं. तुम्ही-आम्ही घेताना मात्र बॉक्सवर फक्त देशाचं नाव असतं, टक्के नसतात. हे मला मनापासून खटकतं. पंख्याच्या बॉक्सवर वीज बचतीचे स्टार छापता येतात तर देशी वाटाही छापता येईल. तसं झालं तर तुमच्या वडिलांसारख्या माणसांना अंदाजाने खरेदी करावी लागणार नाही.

ते होईपर्यंत वस्तूगणिक डोकं चालवावं लागणार. वायर घ्या. घरगुती वायर आपल्याकडे पूर्ण बनते: तार ओढणं, पीळ देणं, पीव्हीसी चढवणं, सगळं. इथे बाहेरच्या मालाच्या वाटेला जायचं काहीच कारण नाही. तांबं मात्र नेहमी इथलंच असेल असं समजू नका. २०१८ साली तुतीकोरिनचा मोठा तांबं शुद्धीकरण कारखाना बंद झाला आणि तोवर तांबं निर्यात करणारा आपला देश आयात करायला लागला. म्हणून कोणी वायर परदेशी ठरवत नाही, कारण तांब्याच्या कांबीपासून पुढचं सगळं कसब इथलं आहे.

वायरमध्ये धोका परदेशी मालाचा नाही, इथल्याच बनावट मालाचा आहे. बंडलवर ९० मीटर लिहायचं आणि आत ऐंशीच भरायची. अडीच एमएम लिहायचं आणि तार दोनची घालायची. सगळ्यात वाईट म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा द्यायचा. वरून लालसर दिसते. ब्लेडने खरवडलं की आत पांढरी. बंडल हातात घेतलं की हलकं लागतं, अनुभवी वायरमन उचलूनच ओळखतो. असली वायर भिंतीच्या आत गेली की वीस वर्षं कोणाला दिसत नाही. गीझर आणि एसी एकाच वेळी चालू झाले की आत तापत राहते. आणि हा सगळा माल शंभर टक्के 'मेड इन इंडिया' असतो.

मिक्सरची गोष्ट सांगायला मला आवडते. परदेशी मिक्सर आपल्या वाटणासाठी कधी बनलेच नव्हते. फळं फेटणं, मेयोनीज करणं हे त्यांचं काम. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी मिरची टाकली की मोटर जळायची. मुंबईच्या माधुरी माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच बिघडला आणि इथे दुरुस्त होईना. पती सत्यप्रकाश माथुर इंजिनीअर होते. त्यांनी १९६०च्या दशकात आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी मोटर आणि भांडी बसवून मिक्सर तयार केला, तोच सुमीत. आज देशभर जे मिक्सर विकले जातात त्यांची घडण तिथून आली. इथे देश बघणं म्हणजे नुसतं देशप्रेम नाही. ज्याने आपल्या स्वयंपाकघरासाठी वस्तू बनवली त्याची वस्तू आपल्याकडे जास्त टिकते. अमेरिकेत राहणारी आपली मंडळीही म्हणूनच ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर शोधतात. आणि तिकडून हौसेने आणलेला ब्लेंडर इकडे २३० व्होल्टला लावला की माझ्या टेबलावर येतो, बहुधा जळका वास घेऊनच.

आता मालकी आणि कारखाना यांतला घोळ. हायर मूळची चिनी कंपनी, पण तिचे फ्रिज पुण्याजवळ रांजणगावला बनतात. त्याच रांजणगावात कोरियाच्या एलजीचा कारखाना आहे. या कारखान्यांत शिरूर-पारनेरकडची पोरंपोरी पाळीवर जातात, मी स्वतः बसने येता-जाता बघितलीत. फ्रेंच लेग्रांडने जळगावची एमसीबी (म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) बनवणारी कंपनी घेतली, आणि एमसीबी जळगावातच बनत राहिले. अँकरचे बटण-बोर्ड आपण पिढ्यान्पिढ्या आपलेच समजत आलो, ती कंपनी २००७ साली जपानी समूहाकडे गेली, माल इथेच बनतो. उलट बाजूला, अस्सल मराठी नाव असलेला एखादा ब्रँड आख्खा माल बाहेरून आणतो आणि वर स्वतःचं नाव छापतो. बॉक्सवर 'मार्केटेड बाय' असतं ते यासाठी.

तुमच्या वडिलांनी ठरवायला हवं की त्यांना नक्की काय नको आहे. नफा परदेशी मालकाला जायला नको, की काम परदेशात जायला नको? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. माझ्यापुरतं मी ठरवलंय: मला काम महत्त्वाचं वाटतं. नफा कुठल्या बँकेत जातो हे बघण्याची ताकद माझ्यात नाही. पण कारखाना जिथे असतो तिथे टूल रूम येते, प्लेटिंगवाला येतो, पॅकिंगवाला येतो, आयटीआयच्या पोरांना शिकायला मिळतं, आणि दहा वर्षांनी त्यातलाच एखादा स्वतःचं वर्कशॉप काढतो. चाकण-भोसरीत असे कितीतरी जण मला माहीत आहेत.

लेबलाच्या बाबतीत फसवणूक नेहमी गिऱ्हाइकाच्या मनामागून चालते, हे मी दोन्ही टोकांना पाहिलंय. मी लहान होतो तेव्हा 'फॉरेनचा माल' म्हटलं की लोक डोळे झाकून घ्यायचे. मुंबईला मनीष मार्केटला जायचं, गल्फहून कोणी आलं की टेपरेकॉर्डर मागवायचा. तेव्हा उल्हासनगरला बनलेल्या वस्तूवर 'मेड इन यूएसए' छापलेलं असायचं. आता हवा बदलली, तर बाहेरून आलेल्या मालावर तिरंगा छापतात. जुनं उदाहरण यापेक्षा मोठं आहे. जर्मनीत झोलिंगनला बनलेल्या सुऱ्या-कात्र्या इंग्लंडच्या शेफील्डच्या नावाने विकल्या जायच्या, म्हणून इंग्लंडने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. हेतू असा की 'मेड इन जर्मनी' दिसलं की लोकांनी माल टाळावा. जर्मन कारखानदारांनी माल इतका सुधारला की थोड्याच वर्षांत लोक तो शिक्का शोधून माल घ्यायला लागले. माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी 'जपानी' म्हणजे हातात घेताच तुटणारं खेळणं. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा जपानी बेअरिंग मिळालं की वाइंडर, म्हणजे जळलेल्या मोटरमध्ये नवी तार भरणारा कारागीर, खूश व्हायचा. म्हणून कुठल्याही देशाचं नाव कायमचं चांगलं किंवा कायमचं वाईट धरू नका. चायनाचंही तसंच. तुमच्या हातातला मोबाईल जिथे बनतो तिथेच दोन महिन्यांत विझणारी माळही बनते. ज्याने जेवढ्याची ऑर्डर दिली, तेवढ्याचा माल येतो.

माझ्या दोन चुका सांगतो. दोन्ही मी विकलेल्या मालाच्या आहेत.

पहिली दिवाळीच्या माळांची. बऱ्याच वर्षांपूर्वी होलसेलकडून माळांची पाच खोकी उचलली. स्वस्त होत्या, धडाधड गेल्या. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एक बाई माळ पिशवीत घालून घेऊन आल्या. माळ गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला बांधली होती आणि नातवाने ग्रिलला हात लावताच त्याला झटका बसला. मूल वाचलं. मी बॉक्स पाहिला, तर त्यावर रंगीत चित्र आणि खाली फक्त देशाचं नाव. ना आयात करणाऱ्याचं नाव, ना पत्ता, ना फोन, ना महिना-साल. होलसेलरकडे गेलो, त्याने आमच्या धंद्यातलं ठरलेलं वाक्य ऐकवलं, "चायना माल आहे शेठ, वापसी नाही." त्या रात्री उरलेल्या माळा उघडून पाहिल्या. वायरीवरचं आवरण नखाने सोलत होतं. त्या बाईंना मी काय उत्तर देणार होतो? माझ्या दुकानातून ती माळ गेली होती, एवढंच मला कळत होतं. नाव-पत्ता नसलेला माल त्या दिवसापासून बंद केला.

दुसरी चूक पाणी तापवायच्या रॉडची. बॉक्सवर तिरंगा, मोठ्या अक्षरात 'स्वदेशी', बाजूला आयएसआयचं चिन्ह. मी पाहून समाधानाने ठेवला. हिवाळ्यात एक रॉड परत आला, बादलीतल्या पाण्यात करंट उतरत होता. टेबलावर लावून टेस्टर धरला, खरंच उतरत होता. मग बॉक्स नीट वाचला. आयएसआयच्या चिन्हाखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो. तो नव्हताच, नुसतं चिन्ह छापलेलं होतं. पत्त्याच्या जागी शहराचं नाव, गल्ली-नंबर काही नाही. माळ परदेशी होती, रॉड देशी होता, आणि दोन्हींमागे उभं राहणारं कोणी नव्हतं.

यावरून मी जी सवय लावून घेतली ती तुम्हालाही सांगतो. बॉक्स उलटा करायचा. खाली किंवा बाजूला बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-साल, ग्राहक सेवेचा नंबर, आणि माल आयात असेल तर मूळ देश. वैधमापनाच्या, म्हणजे सरकारच्या वजन-मापांच्या नियमांनी हे सक्तीचं आहे. ऑनलाइन घेत असाल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे मूळ देश पानावरच दिसायला हवा. त्यातलं काही नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असू द्या, परत ठेवा. मग चिन्ह बघायचं. वायर, मिक्सर, रॉड, गीझर यांवर आयएसआय, वर मानकाचा क्रमांक (घरगुती वायरचा आयएस ६९४), खाली सीएम/एल. एलईडी बल्ब, चार्जर, पॉवर बँक यांवर 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. दुकानात उभं राहून टाका, प्रामाणिक दुकानदाराला राग येत नाही. आणि आयएसआय म्हणजे भारतीय माल, हा समज काढून टाका. परदेशातल्या कारखान्यांनाही तपासणीनंतर हे चिन्ह मिळतं. ते मानकाचं चिन्ह आहे, देशाचं नाही.

बारकोडचा तो मेसेजही डोक्यातून काढा. "८९० ने सुरू झाला तर भारतीय, ६९० ने सुरू झाला तर चिनी" असं दरवर्षी फिरतं. ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक भारतातल्या जीएस१ संस्थेकडून घेतलेला आहे. भारतीय कंपनीने चीनमधून आणलेल्या मालावरही ८९० असतो.

बहिष्काराबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण तुमच्या वडिलांच्या बोलण्यामागे तेच असणार. जून २०२० मध्ये चीनच्या सीमेवर गलवानला आपले जवान शहीद झाले, त्यानंतर काही महिने माझ्या दुकानात प्रत्येक जण बॉक्स फिरवून बघत होता. त्या भावनेचा मला आदर आहे. याच पुण्यात १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी झाली. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्यातच त्याचा जीव गेला. आपण कोणाकडून काय घेतो याला किंमत असते, हे त्याने जीव देऊन सांगितलं.

पण त्याच्या काळातलं कापड आणि आजचा बल्ब यांत फरक आहे. ते कापड मँचेस्टरहून ठाण-ठाण भरून यायचं, आणि त्याच्या जागी घालायला इथली खादी आणि इथल्या गिरण्यांचं कापड होतं. मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घेणं बंद केलं, तेही असंच झालं. सफरचंदाला पार्ट नसतात. ते आख्खं एका देशातून येतं, आणि त्याऐवजी हिमाचलचं घेता येतं. बल्ब, पंख्याचं सर्किट, मोबाईल यांचं तसं नाही. २०२० नंतर इतका बहिष्कार गाजला, तरी २०२३-२४ मध्ये चीनहून आपली आयात १०० अब्ज डॉलरच्या वर गेली. सगळा माल माझ्या काउंटरवर चिनी नावाने आला नाही. तो चिप, आयसी, सेल, मोटरचे भाग, कारखान्यातली यंत्रं या रूपाने आला आणि देशी बॉक्सच्या आत बसला. २०२०च्या त्या महिन्यांत नुकसान झालं ते छोट्या दुकानदारांचं, ज्यांनी पैसे आधीच भरून माल उचलला होता.

काय केलं तर फरक पडतो, हे खेळण्यांनी दाखवलं. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे नमुने तपासले, जवळपास ६७ टक्के नापास झाले. सरकारने आयात शुल्क वाढवलं आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं केलं. तीन वर्षांत खेळण्यांची आयात सुमारे ३७ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आली. शुल्काचा वाटा होताच, पण शुल्क भरूनही आणणारे आणतात. मानकाची अट आल्यावर मात्र नाव-पत्ता नसलेला माल आणणाऱ्याला दारच उरलं नाही.

देशी मालाला चार पैसे जास्त द्या म्हणालो, ते किती? माझा हिशोब शंभराला दहा. मी हे का करतो ते एका माणसावरून सांगतो. आमच्या मागच्या बोळात एक वाइंडर बसतात, वय साठच्या पुढे. जळलेला पंखा त्यांच्याकडे गेला की जुनी तार कापून काढतात, खाचा साफ करतात, कागद बसवतात आणि केसासारखी तांब्याची तार मोजत मोजत भरतात. वेढे तोंडाने मोजत नाहीत, बोटांना आकडा पाठ आहे. संध्याकाळपर्यंत पंखा फिरतो, नव्याच्या चौथाई पैशांत. हे त्यांना जमतं, कारण इथल्या पंख्यांचा साचा त्यांना माहीत आहे, बेअरिंग बाजारात मिळतं, कंडेन्सर कुठल्याही दुकानात मिळतो.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने आयात केलेला शोभेचा पंखा आणला. मोटर ठणठणीत, फक्त रिमोटचं कार्ड गेलेलं. आयात करणाऱ्याने ते मॉडेल बंद केलं होतं, कार्ड कुठेच मिळेना. त्या पंख्याला माझ्याकडे सतरा हजार रुपयांची पावती जोडलेली होती. वाइंडरनी तो हातात फिरवून बघितला, बेअरिंग किती गुळगुळीत आहे म्हणाले, आणि परत ठेवला. शेवटी भंगारात गेला. हे देशी बीएलडीसी पंख्यातही (म्हणजे कार्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या पंख्यात) होऊ शकतं, कारण त्यातही कार्ड असतंच. वीज वाचते म्हणून तुम्ही तोच घ्याल, घ्यावाच; पण दुकानदाराला आधी विचारा की वॉरंटी संपल्यावर कार्ड सुटं मिळतं का, केवढ्याला, आणि नाशिकमध्ये कोणाकडे. उत्तर अडखळत आलं तर दुसरा ब्रँड बघा.

आता तुमची यादी. वायर: बिनधास्त देशी, नावाजलेल्या कंपनीची, अधिकृत विक्रेत्याकडून, दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझर-एसीला चार एमएम. एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण): देश अजिबात बघू नका, मानक आणि नामांकित कंपनी बघा, कारण यात प्रश्न जिवाचा आहे; आपल्या देशात बनलेला मिळतोच. मिक्सर: देशी. पंखा: देशी, वर सांगितलेला कार्डाचा प्रश्न विचारून. दिवे: चिप कुठली यावर झोप घालवू नका, आर-नंबर आणि बदलून देण्याची सोय बघा. गीझर: सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर ग्लास लाइनिंगची टाकी आणि आत टाकीला गंजू न देणारा मॅग्नेशियमचा रॉड असलेला घ्या, आणि तो रॉड दर दोन-तीन वर्षांनी कोण बदलून देणार ते आत्ताच विचारा. शोभेच्या माळा शेवटी घ्या, आणि बॉक्सवर पूर्ण पत्ता असेल तरच.

जमलं तर वडिलांना सोबत न्या. बॉक्स उलटे करून वाचायचं काम त्यांच्याकडे द्या. बिलावर ब्रँड, साइज आणि किती बंडलं ते लिहून घ्या, आणि वायरमनने प्रत्येक बंडलचं पहिलं टोक कापलं की तो तुकडा ब्लेडने खरवडून बघा.